चपटं कडं

गहिनीनाथ गर्जे सरांच्या शर्टाच्या डाव्या खिशात एक तांब्याचं कडं असतं. शर्ट बदलतो, कडं तेच. हातात घालायचं म्हणाल तर ते कुणाच्या हातात जाणार नाही, कारण ते गोल राहिलेलं नाही. दोन्ही अंगांनी दाबलं गेलेलं आहे, लांबुडकं, चपटं. देवळाली प्रवऱ्याच्या अलीकडे उसाच्या रानात एक माध्यमिक शाळा आहे, तिथं सर एकोणीस वर्षं चित्रकला शिकवतात. त्या शाळेची पोरं सरांचं नाव एकवेळ विसरतील, कडं विसरणार नाहीत.

सरांचं मूळ गाव पाथर्डी तालुक्यात, डोंगराला खेटून. बाप बिभीषण आणि आई झुंबरबाई. दसरा झाला की दोघं कोयते बांधून, बैलगाडी जुंपून, कारखान्याच्या वाटेला लागायची ती उन्हाळा तोंडावर आला की परत. गहिनीनाथ मागं चुलत्याकडे राहून शाळा करायचा आणि सुट्टी लागली की आईबापाच्या कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या पाचटाच्या झोपडीत, जायचा. मोळ्या बांधून बांधून झुंबरबाईच्या उजव्या मनगटात वात शिरला होता. कुणीतरी सांगितलं, तांब्याचं कडं घाल, उतार पडेल. तिनं ते घातलं. उतार पडला का नाही ते तिलाच ठाऊक, पण कडं काही तिनं काढलं नाही.

पोरगा चित्रं बरी काढायचा. खोटं कशाला बोला, बरी नाही, चांगलीच काढायचा. बैल काढला तर त्याच्या वशिंडाचा भार कागदावर दिसायचा. रंगाला हात हलका. अडायचं फक्त एका ठिकाणी. घागरीचं तोंड. गोल वस्तू तिरकी बघितली की लांबगोल दिसते, हे त्याला कळायचं. काढायला गेलं की दोन्ही बाजूंना लिंबासारखी टोकं निघायची. नववीत त्याचे चित्रकलेचे मास्तर फुटपट्टी बोटांवर हाणून म्हणाले होते, "गर्जे, तुझ्या घागरीला दोन्हीकडनं चोच फुटलीय. दाणे टाकू का तिला?" सगळा वर्ग हसला होता. त्या हसण्याचा चटका पोराच्या मनातून गेला नाही.

त्याच हिवाळ्यात तो कोपीवर गेलेला. झुंबरबाईनं हात धुताना कडं काढून गाडीच्या जुवाला अडकवलं. बापानं बैल सोडले, जू खाली आदळलं ते नेमकं दगडावर, आणि कडं मधेच उभं सापडलं. बाहेर काढलं तेव्हा असं झालेलं. झुंबरबाईनं नवऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. "डोळे फुटले हुते का तुमचे? आता ह्ये घालू का खाऊ?" पोरानं ते कडं उचललं, कोपीत जाऊन वहीवर ठेवलं आणि कडेनं पेन्सिल फिरवली. टोक नाही, चोच नाही. घागरीचं तोंड असावं तर असं.

पुढच्या वर्षी इंटरमिजिएटच्या सरकारी चित्रकला परीक्षेला कंपासपेटीत कडं होतं. ए ग्रेड मिळाली. गावात पेढे वाटले. झुंबरबाई कुणी भेटेल त्याला सांगायची, "पोराच्या हातात कला हाय." कड्याचं विचारलं तिनं एक-दोनदा, की तांबटाकडनं ठोकून नीट करून आणू. गहिनीनाथ म्हणाला, हरवलं. आईशी बोललेलं ते पहिलं खोटं. त्यानंतर खोट्याला फार बोलावं लागलं नाही, ते आपलं आपण चालत राहिलं. चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा त्यानं कड्यावरच काढला. घागर मोठी झाली तर कडं लहान पडतं, म्हणून तो कड्याच्या मापानंच घागर काढायचा. मास्तर म्हणायचे, प्रमाण छान साधतोस.

नोकरी लागली. पहिल्याच वर्षी वर्गातल्या पोरांच्या घागरींना चोची फुटल्या. गर्जे सर फळ्यापाशी गेले, खडू उचलला आणि तिथंच थबकले. लांबगोल त्यांना येत नव्हता, शिकवणार काय कपाळ? खिशातलं कडं काढून त्यांनी पुढच्या पोराच्या हातात दिलं. "हे ठेव आणि फिरव पेन्सिल."

बस्स. एवढ्या एका वाक्यानं माणूस अडकला. एक कडं तीस पोरांना पुरेना, तेव्हा सरांनीच सांगितलं, घरनं जुनी प्लास्टिकची बांगडी आणा, चुलीवर ऊब द्या, चपटी करा. दरवर्षी नवी पोरं, नवी कडी. एलिमेंटरीचा निकाल शंभर टक्के. ए ग्रेड एखादीच, पण नापास कुणी नाही. दहावीला त्या ग्रेडचे मार्क वाढून मिळतात, त्यामुळं पालक खूश, मुख्याध्यापक तर फारच खूश. सभेत सरांना सत्काराचा नारळ मिळायचा. नारळ घेताना सरांना खिशातलं कडं छातीला टोचल्यासारखं वाटायचं. पण नारळ घ्यायचे.

यंदाच्या आषाढात नववीच्या वर्गात एंजेला नावाची मुलगी पुढच्या सतरंजीवर बसायला लागली. एंजेला पॉल भालेराव. वडील साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर. अंगानं काडी, बोलायला कमी, आणि बघायची अशी की वस्तूनंच लाजावं. चित्रकलेचा तास जमिनीवर सतरंज्या टाकून व्हायचा. मधे लाकडी खोकं, खोक्यावर स्टीलची घागर, शेजारी तांब्या आणि दोन वांगी. पोरं बसून काढायची, सर उभे राहून फिरायचे.

फिरत फिरत सर एंजेलापाशी आले आणि वाकले. घागर सुरेख उतरली होती. पोट, गळा, चमक, सगळं. पण वर तोंडच नव्हतं. गळ्याच्या वर एक आडवी सरळ रेघ मारून पोरगी मोकळी झाली होती.

"काय गं, घागरीचं तोंड कुठं गेलं? शिवून टाकलंस काय?"

वर्ग हसला. एंजेला म्हणाली, "सर, इथून तोंड दिसतच नाही. नुसती रेघ दिसते."

"कडं नाही आणलंस?"

"नको मला कडं. दिसतंय ते काढते ना."

आता बघा, त्या वेळी माणसानं नुसतं खाली बसायचं होतं. तिच्या शेजारी मांडी घातली असती तर काय ते डोळ्यांनी कळलं असतं. पण सर उभे होते, आणि उभ्या माणसाला घागरीचं तोंड लख्ख दिसत होतं. त्यांनी लाल पेन काढला, तिच्या रेघेवर फुली मारली, खिशातलं कडं ठेवलं आणि त्या सुरेख घागरीवर लांबगोल ओढला. "हे असं." एंजेलानं कागदाकडे बघितलं.  कागद चार घड्या घालून दप्तरात ठेवला.

सरांना ते चार घड्या घालणं आवडलं नाही. का आवडलं नाही, याचा विचार मात्र त्यांनी केला नाही.

श्रावणात तालुक्यातल्या चित्रकला शिक्षकांनी मिळून एलिमेंटरीची सराव परीक्षा ठेवली. प्रत्येक शाळेनं घागर, तांब्या, वांगी अशीच मांडणी खोक्यावर करायची, पोरांनी सतरंजीवर बसून काढायची, आणि सगळ्या शाळांचे गठ्ठे एका ठिकाणी आणून तपासायचे. नावाच्या जागी नुसते आकडे, म्हणजे कुणाचं कुणाला कळू नये. तपासायला राहुरीला एका हॉलमध्ये पंधरा शिक्षक बसले. त्यांत कारभारी निमसे सर होते. निवृत्तीला आलेले, केस पांढरे, जीभ तिखट, पण ब्रश हातात घेतला की सगळ्यांनी गप्प बसावं असा माणूस.

चहा येऊन गेला आणि निमसे सरांनी एक गठ्ठा टेबलावर पसरला. "अहो या, या. गंमत बघा."

सगळे गोळा झाले. गर्जेही गेले.

"ही बघा घागर. ही दुसरी. ही तिसरी. सगळ्यांचं तोंड एकच! तांब्याचं तोंड बी तेच. अहो, आणि खोकं बसून बघितलेलं, घागर वरनं बघितलेली. पोरं सतरंजीवर बसली हुती का पंख्याला लटकली हुती?"

हॉल हसून हसून फुटला. कुणीतरी म्हणालं, साचा वापरलाय. निमसे सर चष्मा पुसत म्हणाले, "पोरांचा काय दोष न्हाई हो त्यात. मास्तरलाच येत नसंल."

गर्जे हसले. पंधरा जणांत सगळ्यांत मोठ्यानं हसले. गठ्ठा त्यांच्याच शाळेचा होता, आणि हसू काही थांबत नव्हतं. थांबलं असतं तर सगळ्यांनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं असतं.

निमसे सरांनी गठ्ठ्यातला एक कागद बाजूला काढला होता. "पण ह्यो बघा. घागर डोळ्याच्या बरोब्बर समोर, म्हणून तोंडाची रेघ झालीय. खाली तांब्याचं तोंड जरासं उघडलंय. खोक्याच्या कडा बघा कशा लांब गेल्यात. अशा गठ्ठ्यात ह्या एका पोराला दिसतंय. कुणी मोडू नका रे ह्याला." आणि त्यांनी त्या कागदावर सत्तेचाळीस मार्क टाकले. पन्नासपैकी.

गर्जेंना अक्षराची, रेघेची, सावलीच्या धाटणीची ओळख होती. तो एंजेलाचा कागद होता.

दुसऱ्या आठवड्यात कागद शाळेत परत आले. बाकीच्यांना वीस, बावीस, अठरा. एंजेलाला सत्तेचाळीस. वर्गात गलका झाला. हर्षल नावाचा मुलगा उठून उभा राहिला. मॉनिटर होता, त्यामुळं बोलायचा हक्कच समजायचा. "सर, हिला एवढे कसे? हिची घागर तर बिनतोंडाची हाय!"

एंजेला सरांकडे बघत होती. तिच्या नजरेत काही फुशारकी नव्हती. सर आता सांगतील, एवढंच ती धरून बसलेली.

सर म्हणाले, "चुकून दिले असतील. गठ्ठा मोठा होता."

हे वाक्य तोंडातून गेलं आणि सरांना कळलं की आपण काय केलं. कळलं, पण परत घेता येईना. परत घ्यायचं म्हणजे आधी हसलेलं परत घ्यायचं, लाल फुली परत घ्यायची, एकोणीस वर्षांचे नारळ परत द्यायचे. एंजेलानं मान खाली घातली. वर्ग खूश झाला, कारण आता सगळेच सारखे झाले.

त्या दिवसापासून गर्जे सर शाळा सुटल्यावर घरी जाईनात. शाळेच्या टोकाला चित्रकलेची खोली होती, पूर्वीची अडगळीची, एकच खिडकी आणि तिला गज. पाच वाजता पोरं गेली की सर आतून कडी लावून घ्यायचे आणि जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर सराव करायचे. त्रेचाळीस वर्षांचा चित्रकलेचा शिक्षक, पाचवीतल्या पोरासारखा रेघा मारत बसायचा. दोन ठिपके मांडायचे आणि त्यांना जोडणारी सरळ रेघ एका दमात ओढायची. मनगटानं नाही, खांद्यापासून. मोबाईलवर कुणीतरी दाखवलं होतं तसं. रोज शंभर रेघा. पहिल्या आठवड्यात रेघा वाकड्या, मधेच थरथरणाऱ्या. महिना झाला तेव्हा सुताला लावल्यासारख्या आल्या. सरांना इतका आनंद झाला की त्यांनी कागदाला हात लावून बघितला.

मग खोकी. साबणाचं खोकं, बुटांचं खोकं, खडूचं खोकं. ज्याला पुस्तकात यथार्थदर्शन म्हणतात ते. समोरच्या कडा उभ्या, आणि मागं जाणाऱ्या कडा लांब कुठंतरी एका ठिपक्याला जाऊन मिळणाऱ्या. पुस्तकातलं ते वाक्य सरांनी एकोणीस वर्षं वर्गाला पाठ करायला लावलं होतं. आता त्यांनी बुटांचं खोकं उचलून कपाटावर ठेवलं, आणि खुर्चीवर बसून वर बघितलं तर खोक्याचा तळ दिसला. "अरे तिच्या!" ते एकटेच मोठ्यानं म्हणाले. तळ! एवढ्या वर्षांत त्यांनी कधी खोक्याचा तळ काढला नव्हता. हात आपोआप वरचं झाकण काढायला जायचा. डोळ्याला तळ दिसायचा आणि हात झाकण काढायचा. चार-चार खोकी अशी वाया गेली, तेव्हा कुठं एका खोक्याला तळ आला.

लांबगोल मात्र आलाच नाही. म्हणजे आला, आणि तेच वाईट झालं. एके संध्याकाळी सरांनी कडं खिशातून काढून टेबलाच्या खणात टाकलं, खणाला कुलूप घातलं, डोळे मिटले, हात सैल सोडला आणि कागदावर लांबगोल फिरवायला सुरुवात केली. दहा, वीस, पन्नास. डोळे उघडले. टोकं नव्हती! चोची नव्हत्या! सरांना वाटलं, सुटलो. मग मनात पाल चुकचुकली. खण उघडून त्यांनी कडं काढलं आणि एका लांबगोलावर ठेवून बघितलं.

तंतोतंत बसलं.

दुसऱ्यावर ठेवलं. बसलं. तिसऱ्यावर, दहाव्यावर, पंचविसाव्यावर. सर ठेवत गेले आणि कडं बसत गेलं. मोठा काढायचा म्हटलं की पुन्हा चोची यायच्या, अरुंद काढायचा म्हटलं की चोची. कड्याचा तेवढा हाताला येत होता, दुसरा येत नव्हता. सर खुर्चीत मागं टेकले. दाराला आतून आपणच लावलेली कडी होती, तरी त्यांना वाटलं की कुणीतरी बाहेरून कोंडलंय.  उठून त्यांनी दार उघडलं आणि व्हरांड्यात येऊन उभे राहिले. समोर उसाच्या सऱ्या सरळ लांब जाऊन एका जागी मिळालेल्या. त्या बरोबर दिसत होत्या, सरांना त्याचाही राग आला.

कागद ते पिशवीत घालून घरी न्यायचे, कारण शाळेच्या कचऱ्यात टाकले तर शिपायाला दिसतील. एकदा बायकोनं, जयानं, पिशवी उपसली. "अहो, ही एवढी अंडी कशाला काढून ठेवलीत? कोंबड्या पाळायचा विचार आहे का?"

"सराव आहे."

"तुम्हाला कसला सराव? तुम्ही मास्तर ना?"

झुंबरबाई पलीकडे लसूण सोलत बसलेली. बिभीषण जाऊन आठ वर्षं झाली, तेव्हापासून ती लेकाकडेच असते. तिनं एक कागद ओढून घेतला आणि डोळ्यांजवळ धरला. म्हातारीला अक्षर वाचता येत नाही, पण त्या कागदावर अक्षर नव्हतंच.

"ह्ये तर माझं कडं हाय," ती म्हणाली.

 गहिनीनाथचा खिसा आणि आईचा हात यांच्यात वीतभर अंतर होतं.

"कसलं कडं, आई?"

"जुवाखाली सापडलेलं. ह्योच आकार हुता. मी इसरंन व्हय?" तिनं कागद खाली ठेवला आणि डाव्या हातानं उजवं मनगट चोळलं. "अजून ठणकतंय बघ गारव्याला. आसतं तर ठोकून घातलं आसतं."

त्या क्षणी कडं काढून तिच्या हातावर ठेवायला काय लागत होतं? काहीच नाही. पण हात खिशाकडे गेलाच नाही. गहिनीनाथनं पिशवी उचलली आणि अंघोळीचं पाणी तापायला ठेवलं. स्वतःची इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

परीक्षा गुरुवारी होती. सोमवारी सरांनी ठरवलं, आज. लांबगोल येवो न येवो, आज वर्गाला सांगायचं. सगळ्यांना नाही जमलं तरी एका पोरीला तरी तिचं तिला परत द्यायचं. तिचे डोळे शाबूत आहेत, ते आपल्यामुळं जाऊ नयेत. तासाला त्यांनी खोकं मांडलं, घागर ठेवली, तांब्या ठेवला. वर्ग सतरंजीवर बसला. कंपासपेट्या उघडल्याचा खडखडाट झाला.

"आज कडी बाहेर काढायची नाहीत," सर म्हणाले. 

वर्गाला वाटलं, सर चेष्टा करतायत.

"खरंच सांगतोय. कड्यानं काढलेली घागर खोटी असते. प्रत्येकाला आपापल्या जागेवरून तोंड वेगळं दिसतं. दिसतं तसं काढा."

हर्षल उठला. "सर, परीक्षा गुरुवारी हाय!"

"माहीत आहे मला."

"मग परीक्षा झाल्यावर शिकवा की, सर. आता कुठं नवीन काढता? ग्रेड गेली तर?" मागून दोघं-तिघं ओरडले, "व्हय सर, नंतर!" एक मुलगी तर रडकुंडीला आली. तिचं काय चुकलं? शंभर टक्के निकालाचा बोर्ड शाळेच्या फाटकावर सरांच्याच अक्षरात रंगवलेला होता.

सर हरले. त्यांना दिसलं की ही एकतीस पोरं त्याच खोलीत बसली आहेत जिच्यात ते स्वतः बसलेत, आणि दार त्यांनीच ओढून घेतलंय. तरी एक जण बाहेर होती. त्यांनी एंजेलाकडे बघितलं.

एंजेलाच्या कंपासपेटीत कडं होतं.

नवं कोरं. स्टीलचं, चकचकीत, दोन्ही अंगांनी सारखं दाबलेलं. सर जवळ गेले. तिला वाटलं, सर बघायलाच आले. तिनं ते उचलून दाखवलं.

"पप्पांनी वर्कशॉपात दाबून दिलं, सर. व्हाइसच्या लोखंडी जबड्यात धरून. सगळ्यांच्यापेक्षा भारी झालंय."

"तुला तर नको होतं ना?"

"नको होतं. पण तुम्ही म्हणालात ना, ते मार्क चुकून दिलेले. मग म्हटलं, माझंच चुकत असेल."

"एंजेला, तुला इथून घागरीचं तोंड दिसतंय?"

तिनं घागरीकडे बघितलंसुद्धा नाही. "नाही, सर. पण काढायचं असतं ना?"

 सर तिथंच, पुढच्या सतरंजीवर, तिच्या शेजारी बसले. गुडघे वाजले. एकोणीस वर्षांत या वर्गात ते पहिल्यांदा खाली बसत होते. मान सरळ केली आणि समोर बघितलं. घागरीला तोंड नव्हतं. स्टीलची एक आडवी रेघ, या काठापासून त्या काठापर्यंत, बस्स. लाल फुली मारली होती ती याच रेघेवर.

"पेन्सिल दे."

एंजेलानं दिली. वर्ग मागून माना उंचावून बघायला लागला. सरांनी दोन ठिपके दिले, श्वास धरला आणि खांद्यापासून एक रेघ ओढली. सरळ आली. एका दमात, न थरथरता. तीन महिन्यांत कमावलेलं होतं नव्हतं ते एवढंच होतं, आणि या जागेवरून एवढंच लागत होतं. खाली त्यांनी गळा काढला, पोट काढलं. घागर उभी राहिली.

एंजेला कागदाकडे बघत राहिली. मग घागरीकडे. मग पुन्हा कागदाकडे.

"ही तर माझीच घागर आहे, सर."

"हो."

"म्हणजे त्यांनी मार्क चुकून नव्हते दिले?"

"नाही. त्यांनी सगळ्यांना तुझा कागद दाखवला. म्हणाले, या पोराला दिसतंय, याला कुणी मोडू नका."

 एंजेलाचा आवाज बारीक झाला, पण ती थांबली नाही. "मग तुम्ही तसं का म्हणालात?"

सरांना काहीही सांगता आलं असतं. त्यांच्याकडे एकोणीस वर्षांची उत्तरं तयार होती.

"मला काढता येत नाही म्हणून," ते म्हणाले. "घागरीचं तोंड मला कधीच आलं नाही. कड्यानंच काढत आलो. तुझं बरोबर म्हटलं असतं तर माझं उघडं पडलं असतं."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. एंजेला रडली नाही, रागावलीही नाही. तिनं ते स्टीलचं कडं पेटीतून उचललं, जरा वेळ उलटंसुलटं करून बघितलं, आणि सरांच्या तळहातावर ठेवलं. मग नवा कागद घेतला आणि काढायला लागली. सरांनी ते कडं खिशात टाकलं. आत तांब्याचं होतंच, त्याच्यावर ते वाजलं.

सर उठून फळ्यापाशी गेले आणि वर्गाकडे वळले. बाकीची एकतीस पोरं त्यांच्याकडे बघत होती. हर्षलनं हळूच आपलं कडं रुमालात गुंडाळलं आणि कंपासपेटीत तळाशी ठेवलं. त्याचं बघून शेजारच्यानं ठेवलं, मग मागच्या ओळीनं. परीक्षा गुरुवारी होती.